आई-वडील कोणाकडे राहणार? जुने जपानी कुटुंबपट कसे पाहावेत

१ जानेवारी १९४८ रोजी जपानमध्ये सुधारित कुटुंब कायदा लागू झाला. त्याआधी, १८९८च्या नागरी संहितेनुसार, प्रत्येक घराला एक कायदेशीर कुटुंबप्रमुख असायचा. घरात कोणी राहायचं, कोणी कुणाशी लग्न करायचं, याला त्याची संमती लागायची. तिशीच्या आतला मुलगा आणि पंचविशीच्या आतली मुलगी आई-वडिलांच्या परवानगीशिवाय लग्न करू शकत नसत. प्रमुख गेला की घर, जमीन, पूर्वजांचा देव्हारा असं सगळं थोरल्या मुलाकडे जायचं आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणंही त्याच्याकडेच यायचं. युद्धानंतरच्या नव्या राज्यघटनेच्या २४व्या कलमाने लग्न ही स्त्री-पुरुषांच्या परस्पर संमतीची गोष्ट ठरवली. या कलमाचा मसुदा लिहिणाऱ्या, अमेरिकी ताबा-प्रशासनात काम करणाऱ्या बेआते सिरोता अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. मग नागरी संहिताही बदलली. कुटुंबप्रमुख हे पदच रद्द झालं, वारशात सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळाला.

वाटा सगळ्यांचा झाला, तशी जबाबदारीही सगळ्यांची झाली. आणि सगळ्यांची म्हणजे नेमकी कोणाची, हे चार भावंडांत वाढलेल्या कोणालाही सांगायला नको.

गेलं वर्षभर मी त्या काळातले जपानी कुटुंबपट पाहतेय. यासुजिरो ओझूचे सर्वांत जास्त, मग मिकिओ नारूसे, मग केइसुके किनोशिता. या सिनेमांची ख्याती शांतपणाची आहे. चटया, चहा, मंद हसणं, आणि 'काहीच घडत नाही' ही ठरलेली तक्रार. मला वाटतं, ती तक्रार येते ती हा कायदा डोक्यात नसल्यामुळे. हे सिनेमे एका मोठ्या उलथापालथीचे, घराच्या आत बसून लिहिलेले अहवाल आहेत. उलथापालथ इतकी आतवर पोहोचलेली आहे की ती खाऊ केवढ्याचा आणायचा आणि टेबल कुठे ठेवायचं या प्रश्नांतून दिसते.

'टोकियो स्टोरी' (१९५३) घ्या. ओनोमिची या बंदराच्या गावातलं सत्तरीकडे झुकलेलं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला जातं. थोरला कोइची डॉक्टर आहे, पण दवाखाना शहराच्या कडेच्या वस्तीत आणि घराला जोडूनच. पाहुणे आले म्हणून नातवाचं अभ्यासाचं टेबल खोलीतून बाहेर काढलंय आणि तो चिडलाय. रविवारी आजी-आजोबांना फिरवायचं ठरतं, ऐन वेळी पेशंट येतो, बेत रद्द. मुलगी शिगे ब्यूटी सलून चालवते. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला केक आणतो, तर ही म्हणते, एवढं महागाचं कशाला? शेवटी भावंडं वर्गणी काढून आई-वडिलांना आतामीच्या गरम झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. हॉटेल स्वस्तातलं, तरुणांच्या रात्रभर चाललेल्या गाण्या-गोंधळाचं. म्हातारे लवकर परत येतात आणि शिगेची पंचाईत होते, कारण त्या संध्याकाळी तिच्याकडे मीटिंग आहे. मग वडील जुन्या मित्रांकडे पिऊन वेळ काढायला जातात आणि आई नोरिकोकडे झोपायला जाते.

ही नोरिको त्यांची सून. नवरा युद्धात गेला, त्याला आठ वर्षं झाली. ऑफिसात नोकरी, एका खोलीचं बिऱ्हाड. सासू-सासरे आले तर शेजारणीकडून साके (तांदळाची दारू) उसनी आणते. त्यांना शहर दाखवायला हीच एकटी रजा टाकते.

आता कायदा आठवा. जुन्या व्यवस्थेत सून नवऱ्याच्या घराण्याची. नवरा गेला तरी ती त्या घराचीच. नव्या कायद्यात विधवा साध्या नोंदणीने सासरचं नातं संपवू शकते. म्हणजे या सिनेमात जिचं देणं सगळ्यांत कमी, तीच सगळ्यांत जास्त करते. ओझूने हे भाषणात कुठेही सांगितलेलं नाही. उलट सासू-सासरेच तिला पुन्हा लग्न कर म्हणून विनवतात. आणि शेवटी नोरिको सासऱ्यांना सांगते की तुम्ही समजता तेवढी मी चांगली नाही, कित्येक दिवस तर मला नवऱ्याची आठवणसुद्धा येत नाही. पाहणाऱ्याने तिला देवीच्या जागी बसवू नये म्हणून घेतलेली ही काळजी मला फार आवडते.

शिगेबद्दल मात्र थोडं भांडायचंय. हारुको सुगिमुराने ही भूमिका अशी केलीय की पाहणारे तिच्यावर दात-ओठ खातात. आईच्या मृत्यूनंतर ती सगळ्यांत मोठ्याने रडते आणि काही वेळातच जेवताना आईचा उन्हाळी किमोनो आणि ओबी (त्यावरचा कमरपट्टा) मागून घेते. टोकियोहून निघताना शोकाचे कपडेही बरोबर घेऊन आलेली असते. वडील उठून गेल्यावर ती म्हणते, खरं तर बाबा आधी गेले असते तर बरं झालं असतं. आई एकटी राहिली असती तर टोकियोला कोणाकडेही राहिली असती. वाक्य कानाला कडू लागतं, पण तिने हिशोब मांडलाय तो खरा आहे. एकटी म्हातारी बाई घरात हाताशी येते, एकटा म्हातारा पुरुष अडचण होतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. बोलली फक्त शिगे. दुकान चालवणारी बाई आहे ती, तिला वेळेची किंमत रुपया-पैशात कळते. आपल्याकडे या कथेला लगेच कृतघ्न मुलांचा रंग चढला असता, एक खलनायिका सून आली असती. इथे कोणीच वाईट नाही आणि तरी आई-वडिलांना त्या अफाट शहरात झोपायला जागा नाही.

कथेचं मूळही पूर्ण जपानी नाही. लिओ मॅकॅरी या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) पटकथाकार कोगो नोदाने पाहिला होता. त्यात मंदीच्या काळात घर गमावलेलं जोडपं आहे, आणि मुलं त्यांना वाटून घेतात. ओझू-नोदा जोडीने चिगासाकीच्या समुद्राकाठच्या एका खानावळवजा निवासात बसून १०३ दिवसांत 'टोकियो स्टोरी' लिहिला. ओझू तरुणपणापासून हॉलिवूडचा भक्त. युद्धात सैन्याबरोबर सिंगापूरला असताना तो जप्त केलेले अमेरिकी सिनेमे पाहत असे. तरी त्याला 'सर्वांत जपानी दिग्दर्शक' ठरवून बाहेरच्यांना त्याचे सिनेमे कळणार नाहीत, असं बरीच वर्षं मानलं गेलं. १९५७ मध्ये लंडनला 'टोकियो स्टोरी' दाखवला गेला तेव्हा तो लोकांना व्यवस्थित कळला, पुढच्या वर्षी त्याला तिथे बक्षीसही मिळालं. २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांची मतं घेतली, त्यात तो पहिला आला.

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण इथेच नवखा प्रेक्षक अडखळतो.

ओझूचा कॅमेरा फार खाली असतो, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही खाली. छायाचित्रकार यूहारू अत्सुता त्यासाठी बुटका स्टँड वापरायचा. जपानी घरात सगळा व्यवहार चटईवर बसून. उभ्या माणसाच्या उंचीवरून टिपला तर सगळे टाळूकडून दिसतील; खालून टिपला तर बसलेली माणसं पडदाभर होतात. भिंगही जवळपास कायम एकच, ५० मिलिमीटरचं, ज्यात वस्तू फुगत नाहीत की चपट्या होत नाहीत. आणि कॅमेरा हलत नाही. 'टोकियो स्टोरी'त तो जेमतेम एक-दोनदा सरकतो. पुढे रंगीत सिनेमे सुरू झाल्यावर तेही बंद.

दुसरी गोष्ट संवादांची. नेहमीच्या सिनेमात दोन माणसं बोलत असली तर कॅमेरा त्यांच्या एकाच बाजूला राहतो, म्हणजे एक डावीकडे बघतो आणि दुसरा उजवीकडे. ओझू ही मधली रेषा बेधडक ओलांडतो. दोघंही जवळजवळ आपल्याकडे, भिंगाच्या किंचित बाजूला पाहत बोलतात. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं की प्रत्येकाचा चेहरा आपल्याला समोरून मिळतोय. बोलणाऱ्याचाही आणि ऐकून घेणाऱ्याचाही. जिथे लोक मनातलं बोलत नाहीत, 'बरं आहे', 'छानच झालं' एवढ्यावर भागवतात, तिथे ऐकणाऱ्याचा चेहरा हाच खरा मजकूर असतो.

तिसरी, मधूनच येणारी रिकामी दृश्यं. वाळत घातलेले कपडे, धुराडी, रेल्वेचे रूळ, बारची पाटी, कोणी नसलेला पॅसेज. काही जण यात थेट झेन शोधतात. मला इतकं दूर जावंसं वाटत नाही. ही दृश्यं आधी साधं काम करतात: ठिकाण बदललं, वेळ गेला, एक श्वास घ्या. त्याहून जास्त काय ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

आणि चौथी म्हणजे गाळणं. ओझूचे बरेच सिनेमे मुलीच्या लग्नाभोवती फिरतात आणि लग्न दाखवतच नाहीत. 'लेट स्प्रिंग' (१९४९) मध्ये कामाकुराला विधुर प्राध्यापक वडील आणि २७ वर्षांची नोरिको सुखाने राहतायत. तिला लग्न नको. आत्या स्थळ आणते. आपल्या कांदेपोह्यांसारखाच रीतसर कार्यक्रम होतो, पण तोही पडद्याबाहेर. मुलगा हॉलिवूडचा नट गॅरी कूपर याच्यासारखा दिसतो एवढं कळतं, चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. मुलगी तयार व्हावी म्हणून वडील खोटंच सांगतात की मीही दुसरं लग्न करणार आहे. लग्नाचा दिवस येतो, ती वधूवेशात वडिलांपुढे वाकते, पुढचं दृश्य समारंभानंतरचं. नवरा कोण हे महत्त्वाचं नाहीच. घरातून कोण वजा झालं, ते महत्त्वाचं. त्या वेळी जपान अमेरिकी ताब्यात होतं आणि प्रत्येक पटकथा त्यांच्या तपासणीतून जायची. ठरवून केलेली लग्नं त्यांना सरंजामी वाटायची. त्याच सिनेमात समुद्राकाठी नोरिको सायकलवरून जाते त्या रस्त्यावर कोका-कोलाची इंग्रजी पाटी उभी आहे.

'अर्ली समर' (१९५१) मधली नोरिको २८ वर्षांची. तीन पिढ्यांचं घर, आणि तिचा पगार त्या घराच्या खर्चातला एक खांब. थोरला भाऊ, वहिनी, आई-वडील चांगल्या स्थळाची चर्चा करत असतात. एके संध्याकाळी शेजारच्या बाई, ज्यांचा विधुर मुलगा नोकरीसाठी दूर उत्तरेत आकिताला निघालाय, सहज बोलून जातात की तुझ्यासारखी सून मिळाली असती तर! नोरिको म्हणते, माझ्यासारखी चालेल का? बाईंना विश्वासच बसत नाही. रडतात, हसतात, आणि पुढे काय बोलावं न सुचून विचारतात, आनपान खातेस का? म्हणजे गोड सारण भरलेला पाव. हा मला ओझूच्या सगळ्या कामातला सर्वांत आनंदी क्षण वाटतो. २४वं कलम पडद्यावर असंच दिसणार: घरच्यांना न विचारता, स्वयंपाकघरातून दोन पावलांवर. पण त्याची किंमत कुटुंब मोजतं. तिचा पगार गेल्यावर एवढं घर चालत नाही. आई-वडील यामातोला थोरल्या काकांकडे राहायला जातात, भाऊ आपलं वेगळं बघतो. सगळे मिळून फोटो काढतात, तो पाहताना यापुढे हे एका चौकटीत मावणार नाहीत हे आपल्याला कळलेलं असतं.

नावांचा घोळ होतो, तो होऊ द्यावा. तिन्ही सिनेमांत सेत्सुको हारा नोरिकोच आहे, पण वेगवेगळी. चिशू ऱ्यू 'लेट स्प्रिंग'मध्ये तिचा बाप, 'अर्ली समर'मध्ये भाऊ, 'टोकियो स्टोरी'त सासरा. 'टोकियो स्टोरी'तला म्हातारा रंगवताना तो ४९ वर्षांचा होता. ओझू तीच माणसं, तीच आडनावं, त्याच मापाच्या खोल्या पुन्हा पुन्हा घेतो, त्यामुळे नट नव्हे तर नात्यातली जागाच बदलताना दिसते.

हे एकट्या ओझूचं कर्तृत्व नव्हे. शोचिकू कंपनीच्या कामाता स्टुडिओत शिरो किदो हा प्रमुख १९२०च्या दशकापासून असे सिनेमे मुद्दाम काढत होता: नोकरदार, दुकानदार, गल्लीतली माणसं, थोडं हसू थोडे अश्रू, आणि प्रेक्षक म्हणून बायका डोळ्यांसमोर. १९३६ मध्ये स्टुडिओ ओफुनाला हलला, वळण तेच राहिलं. ओझूचा १९३२चा मूकपट 'आय वॉज बॉर्न, बट…' याच मुशीतला आहे. दोन मुलगे वडिलांना साहेबापुढे माकडचेष्टा करताना पाहतात आणि घरी येऊन अन्नत्याग करतात. म्हणजे पगारदार बापाची अडचण युद्धाआधीच सुरू झाली होती.

याच स्टुडिओत नारूसेही होता. किदोने त्याला 'मला दोन ओझू नकोत' असं सुनावलं, असं सांगतात, आणि १९३४ मध्ये तो कंपनी सोडून गेला. दोघांत साम्य शोधणं सोपं आहे, फरक मात्र एका शब्दात सांगता येतो: पैसा. ओझूच्या माणसांना पैशाची कुरबुर असते. नारूसेच्या माणसांना महिनाअखेर असते. 'लायटनिंग' (१९५२) मध्ये चार भावंडं, चौघांचे बाप वेगळे. एका बहिणीचा नवरा मरतो आणि दुःख आवरायच्या आतच विम्याच्या रकमेभोवती सगळे घिरट्या घालू लागतात. धाकटी, हिदेको ताकामिने, सहलीच्या बसमध्ये गाइड आहे आणि या घरातून बाहेर कसं पडावं एवढंच तिच्या डोक्यात आहे. 'मदर' (१९५२) मध्ये किनुयो तानाका धोबीकाम करणारी आई. मुलगा जातो, नवरा जातो, आणि धाकटी लेक नातेवाइकांना दत्तक द्यावी लागते. तेही कोणी दुष्ट आहे म्हणून नव्हे, एक तोंड कमी करायचं म्हणून. 'रिपास्ट' (१९५१) मध्ये हीच सेत्सुको हारा ओसाकात रोज तांदूळ धुणारी, हसू आटलेली बायको आहे. फुमिको हायाशीची मूळ कादंबरी तिच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली होती, तेव्हा शेवट सिनेमावाल्यांनी ठरवला. तो मला पटत नाही, पण सिनेमा पाहायलाच हवा.

आणि १९५३ मध्ये, 'टोकियो स्टोरी'च्या काही महिने आधी, त्याच शोचिकूने किनोशिताचा 'अ जपानीज ट्रॅजेडी' काढला. यातली विधवा आई आतामीच्या एका हॉटेलात कामाला आहे. तेच आतामी, जिथे ओझूची म्हातारी जोडी विश्रांतीला पाठवली जाते. हिने काळा बाजार केला, नको ते सोसलं, मुलांना शिकवलं. मुलांना आता तिची लाज वाटते. मुलगा श्रीमंत डॉक्टरच्या घरी दत्तक जाऊ पाहतो. किनोशिता मधेमधे खऱ्या बातमीपटांचे तुकडे घालतो: निदर्शनं, न्यायालयं, राजकारणी. ओझूने भिंतीबाहेर ठेवलेलं सगळं तो आत आणतो, आणि शेवट रेल्वेखाली होतो. हे दोन सिनेमे पाठोपाठ पाहिलेत तर ओझूचा शांतपणा ही त्याने केलेली निवड होती हे स्वच्छ दिसतं. त्या काळचं जपान शांत होतं असं मुळीच नाही.

जसजसा पैसा आला तसतसा प्रश्नही बदलला. ओझूच्या शेवटच्या 'अ‍ॅन ऑटम आफ्टरनून' (१९६२) मध्ये लग्न झालेला थोरला मुलगा फ्लॅटमध्ये राहतो. फ्रिज घ्यायचा म्हणून तो वडिलांकडून पैसे मागतो, जरुरीपेक्षा थोडे जास्त, कारण त्यातून गुपचूप गोल्फच्या काठ्या घ्यायच्यात. ज्या थोरल्याने बापाला पोसायचं, तो हप्त्यांसाठी बापाकडे येतो. स्वतः ओझूने लग्न केलं नाही, आईजवळ राहिला. ती त्याच वर्षी वारली. तो गेला १२ डिसेंबर १९६३ ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी.

कुठून सुरुवात करावी? लोक 'टोकियो स्टोरी' सांगतात. मी सांगेन 'गुड मॉर्निंग' (१९५९): दोन पोरं टीव्हीसाठी मौनव्रत धरतात, मोठ्यांचं 'नमस्कार-चमत्कार' निरर्थक आहे म्हणतात, आणि अपानवायूवर मनसोक्त विनोद आहेत. रंगीत, छोटा, विनोदी, आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या सवयी त्यातच लागून जातात. मग 'अर्ली समर', मग 'टोकियो स्टोरी', मग नारूसे. सलग तीन ओझू पाहू नका, मिसळतात.

आणि शेवटी हिरोकाझू कोरे-एदाचा 'स्टिल वॉकिंग' (२००८). त्याला सगळे ओझूचा वारस म्हणतात; तो स्वतः मी नारूसेच्या जास्त जवळ आहे म्हणत आलाय. वडिलांचा दवाखाना पुढे चालवायचा तो थोरला मुलगा एका पोराला वाचवताना बुडून मेलाय. वर्षश्राद्धाला धाकटा मुलगा, नोकरी गेल्याचं लपवत, बायको आणि तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलासह घरी येतो. मुलगीही नवरा-पोरांना घेऊन आलीय आणि तिच्या मनात आई-वडिलांच्याच घरी राहायला येण्याचा बेत आहे. ती विषय काढत राहते. आई मुळा सोलते, मक्याच्या भज्या तळते आणि उत्तर द्यायचं टाळते, कारण तिला मुलगी राहायला यायला नकोय.